मानी इपे

इपेच्या फळीचं एक टोक उचललं की माणूस दुसऱ्या टोकासाठी कुणाला तरी हाक मारतो. घनमीटरला हजार किलोच्या आसपास भरणारा हा लाकडांमधला गडी. पाण्यात टाकला तर बहुधा तळ गाठतो. जन्म ॲमेझॉनच्या जंगलातला, कूळ पिवळ्या-गुलाबी फुलांचं. मुंबईत विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेने गुलाबी बहरणारी तबेबुया त्याच्या जवळच्या नात्यातली, पण तिचं लाकूड मऊ. इपे वाळवीला दाद देत नाही, बुरशीला जुमानत नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला समुद्रकाठच्या लाकडी वाटेवर त्याने ऊन, खारा वारा आणि असंख्य पावलं वर्षानुवर्षं सोसली आहेत.

एवढा कणखर म्हणून लोक त्याला गृहीत धरतात. ट्रकमधून उतरला की लगेच उघड्यावरच्या लाकडी जमिनीत बसवायला घेतात आणि तिथेच फसतात. इपेला पुढे फारसं काही लागत नाही. त्याच्या मागण्या असतात त्या बसवण्याआधीच्या, आणि त्यांत तो तडजोड करत नाही.

पहिली मागणी मुक्कामाची. जिथे राहायचं तिथली हवा त्याच्या अंगात मुरायला हवी. त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. जमिनीपासून वर, सपाट आधारावर फळ्यांचे थर रचायचे, प्रत्येक दोन थरांमध्ये बरोबर एकाखाली एक येतील अशा पट्ट्या ठेवायच्या, वरून झाकायचं आणि बाजू मोकळ्या सोडायच्या. उन्हात टाकला तर तो एका अंगाने सुकून बाक धरतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळला तर ओल आतच कोंडते. मुरल्यावर फळ्यांमधली फट ठरते, साधारण ३ ते ६ मिलिमीटर. कोरडी फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते, म्हणून तिला जागा जास्त; ओलसर फळी पुढे आकसणार, म्हणून ती शेजारणीला थोडी जवळ.

त्याची दुखरी जागा म्हणजे टोकं. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात आणि ओल आडव्या अंगापेक्षा कितीतरी वेगाने निघून जाते. टोक सुकून आकसतं, आतलं अंग अजून ओलं, आणि त्या ओढाताणीत चीर जाते. म्हणून फळी कापली की करवत खाली ठेवतानाच टोकाला मेणाचं सीलर लावायचं. उद्यावर टाकायचं नाही.

जबरदस्ती त्याला खपत नाही. स्क्रू तसाच पिळला तर स्क्रूची मान तुटते किंवा फळीचं टोक फाटतं. प्रत्येक स्क्रूसाठी आधी भोक पाडावं लागतं, डोकं बसायला खोलगा करावा लागतो. ड्रिलचं बिट लवकर बोथट होतं. मध्येमध्ये ते बाहेर काढून भुसा झटकणारा सुतारच टिकतो. साध्या लोखंडाशी तर त्याचं वैरच आहे. ओल आणि लोखंड एकत्र आलं की लाकडावर काळे-निळे डाग उमटतात. म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, समुद्राजवळ ३१६ प्रतीचे. आणि जवळपास ग्राइंडर चालवून लोखंडाचा कीस त्याच्यावर उडवायचा नाही.

कापताना तो पिवळा भुसा उडवतो. त्यात लॅपाकोल नावाचं द्रव्य असतं. हळदीला चुना लागून कुंकू व्हावं, तसं ते अल्कलीच्या स्पर्शाने लाल होतं. दिसायला सुंदर असलं तरी काहींच्या त्वचेला आणि श्वासाला ते बाधतं. मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

मग तेल, चारही अंगांना. खालची बाजू पुन्हा कधी हाताला येणार नाही. घट्ट अंगात तेल फारसं शिरत नाही, म्हणून पातळ हात द्यायचा आणि वर उरलेलं पुसून काढायचं. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, तेल वाळताना तो तापून आपोआप पेटू शकतो. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात. पुढे कधी तेल लावलं नाही तर इपे रुपेरी राखाडी होतो, पण ताकद तीच राहते.

तयारीचं सगळ्यात पहिलं काम मात्र फळी घरी येण्याआधीचं आहे, कागद पाहण्याचं. इपेची झाडं जंगलात विरळ असतात, सावकाश वाढतात, आणि त्यांची चोरटी तोड फार झाली आहे. न्यूयॉर्कच्या महापौरांनी २००८ मध्येच शहराच्या कामांत उष्णकटिबंधीय लाकडाचा वापर कमी करण्याची योजना मांडली. नोव्हेंबर २०२४ पासून इपे साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय तो देशाबाहेर पाठवता येत नाही. विकणाऱ्याकडे तो कागद मागायलाच हवा.

या सगळ्या तयारीला एवढे दिवस देता येत नसतील, तर दुसरं लाकूड घ्यावं. घाईत फाटलेली प्रत्येक फळी बदलावी लागते, आणि बदली फळी येते ती त्याच विरळ होत चाललेल्या झाडांमधून.