बारा ग्रॅम चांदी

गांधीजींच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, भारत सरकारने दहा रुपयांचं एक नाणं काढलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं चांदीचं नाणं. वजन १५ ग्रॅम, त्यात चांदी ८० टक्के. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसरीकडे गांधीजींचा चेहरा आणि १८६९–१९४८ ही दोन सालं. नाणं कधी पाडलं ते कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या संग्रहातल्या बाकीच्या नाण्यांवर टाकसाळीचं वर्ष आहे. या एकावर फक्त एका माणसाचं आयुष्य आहे. कितीदा तरी ते हातात घेऊन मी नुसता बसून राहतो.

तीनच वर्षांनी स्वातंत्र्याची पंचविशी आली. पुन्हा दहा रुपयांचं चांदीचं नाणं निघालं, हाताला चांगलंच भारी, साडेबावीस ग्रॅमचं. चांदी मात्र निम्मी. हिशेब मांडला तर गांधीजींच्या नाण्यात चांदी पुरी १२ ग्रॅम, तोळ्याहून किंचित जास्त. पंचविशीच्या नाण्यात सव्वाअकरा. नाणं दीडपट जड झालं आणि चांदी थोडी उतरली. गेल्या काही दशकांतली शंभर रुपयांची बरीच नाणी याच निम्म्या चांदीची आहेत: ३५ ग्रॅम वजन, ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, उरलेल्यात निकेल आणि जस्त निम्मं निम्मं. ही मिसळ जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदी पुरेना, तेव्हा १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने कलदार रुपयातली चांदी जवळपास ९२ टक्क्यांवरून ५० वर आणली, ती याच प्रमाणात. युद्धाच्या टंचाईत ठरलेलं हे प्रमाण पुढे आपल्या गौरवाच्या नाण्यांत आलं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. आठवण ठसठशीत ठेवायची होती आणि तिजोरीही सांभाळायची होती. देशाच्या या दोन्ही इच्छा त्या धातूत उतरल्या आहेत. संग्रहाचा खरा आनंद मला इथे मिळतो. नुसत्या चित्रासाठी तर पोस्टाची तिकिटंही पुरली असती.

मुंबईच्या फोर्टात, रिझर्व्ह बँकेसमोरच्या टाकसाळीत पाडलेलं नाणं हिऱ्याच्या बारक्या खुणेवरून ओळखू येतं. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. संग्राहकांसाठीची प्रूफ नाणी वेगळ्या निगुतीने होतात. ठसा आणि धातूची चकती, दोन्ही आधी चकचकीत करायची, मग दाब द्यायचा, तोही एकाहून अधिक वेळा. पार्श्वभूमी आरशासारखी लखलखते आणि चेहरा दुधी, खरबरीत उठून येतो. मागणी ठरलेल्या मुदतीत नोंदवायची आणि वाट पाहायची. नाणं डबीतून येतं, डबीतच राहतं. त्यावर शंभर रुपये लिहिलेले असतात, पण त्या रुपयांची भाजी कुणी आणत नाही.

ही नाणी सुंदर असतात. तरी मन ओढ घेतं ते १९६९च्या नाण्याकडे, कारण ते माणसांच्या घरांत राहिलं. चांदी महागत गेली, आतल्या धातूचीच किंमत दहा रुपयांच्या पुढे गेली. मग कुणी ते कपाटात जपलं, कुणी लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवलं, कुणी मोडीत घातलं. पूजेतली नाणी दरवर्षी दंतमंजनाने घासली जातात. दर घासणीला चांदीचा कण निघतो आणि चेहऱ्यावरचे उंच भाग, नाक, भुवई, आधी गुळगुळीत होतात. म्हणून जाणते संग्राहक चांदीला घासू देत नाहीत. हवेतल्या गंधकाने ती आधी पिवळसर होते, मग राखाडी, कडेला निळसर. तो रंग तसाच ठेवायचा.

पण घासून मऊ झालेला गांधीजींचा चेहराही मला परका वाटत नाही. कुण्या आजीने वर्षानुवर्षं त्याला हळदकुंकू वाहिलं असेल. प्रदर्शनात कोरं आणि हाताळलेलं शेजारी मांडलेलं असलं की मी हाताळलेलं उचलतो. विक्रेता त्याचे पैसे कमीच लावतो.