जुगाड म्हणू नका

आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांनी वर्षभर खपून विजेवर चालणारा स्केटबोर्ड बनवला. पाहायला आलेल्या जवळपास प्रत्येकाने एकच शब्द वापरला. "काय भारी जुगाड केलाय राव!" बोलणाऱ्यांच्या मनात कौतुकच होते, हे मान्य. तरीही या शब्दाला माझा विरोध आहे. बंगल्याच्या गॅरेजमध्ये कुणी हेच केले तर त्याला इनोव्हेशन म्हणतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. वस्तीतल्या मुलाने केले की ते जुगाड होते. जुगाड म्हणजे मोजमाप न करता, मिळेल त्या वस्तूत, वेळ निभावून नेणे. आमच्या पोरांनी प्रत्येक गोष्ट मोजली होती. लिथियमच्या बॅटरीशी खेळताना मोजले नाही तर काय होते, ते पुढे सांगतो.

आधी एका आक्षेपाचे उत्तर. आपलेच काही कार्यकर्ते मला म्हणाले, "हा श्रीमंतांचा खेळ आपल्या पोरांना कशाला?" मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. तिथे 2015 साली स्केटपार्क झाला. आदिवासी आणि यादव मुले एकाच सिमेंटच्या उतारावर खेळू लागली. शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि मुलींना आधी संधी, असे तिथले नियम. त्याच गावची आशा गोंड 2018 साली चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत उतरली. खेळ कुणाचा, हे तो कुणाच्या हाती पडतो यावर ठरते.

आता बोर्डाकडे येऊ. फळीसाठी पोरांनी 12 मिलिमीटरचे मरीन प्लाय घेतले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर साधारण 65 सेंटिमीटर. मधोमध 60 किलोचा मुलगा उभा केला आणि खालून पट्टी लावून पाहिले, तर फळी 13 मिलिमीटर वाकली. साध्या बोर्डावर हे चालते, उलट थोडी लवचीक फळी पायाला बरी वाटते. इथे मात्र फळीच्या पोटाला बॅटरी बसवायची होती. बॅटरीतले सेल निकेलच्या पातळ पट्ट्यांनी एकमेकांना स्पॉट वेल्डिंग करून जोडलेले असतात. प्रत्येक खड्ड्यागणिक फळी वाकली की त्या पट्ट्यांवर ताण येतो. एक जोड सुटला की सैल पट्टी कुठे जाऊन टेकेल याचा भरवसा नाही. आणि पुण्याचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत.

म्हणून कार्बन फायबर. वजन उचलणारी फळी वाकते तेव्हा तिचा खालचा पृष्ठभाग ताणला जातो, वरचा दाबला जातो आणि मधल्या थराला फारसे काम नसते. त्यामुळे मजबुतीचे सामान बाहेरच्या दोन पृष्ठभागांवर असावे लागते. बाजारात दिसतात तसे नुसत्या वरच्या बाजूला काळे चकचकीत कापड चिकटवणे म्हणजे निव्वळ मेकअप. भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानातून पोरांनी उरलेले तुकडे आणले. चौरस मीटरला 200 ग्रॅमचे कापड, दोन्ही बाजूंना दोन-दोन थर. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजून, थोडे थोडे कालवले, कारण एकदम मोठा डबा कालवला तर तो आपोआप तापून धूर सोडतो. व्हॅक्युमचा पंप नव्हता. प्लास्टिकचा कागद, वर सपाट फळ्या, वर विटा, चोवीस तास. मग पुन्हा तोच मुलगा, तीच पट्टी : 5 मिलिमीटर.

हा आकडा वहीत लिहिला तेव्हा जे चेहरे मी पाहिले, ते कुठल्याही सत्कार समारंभात पाहिलेले नाहीत. असो.

घासताना मात्र जपा. कार्बनची धूळ कातडीला भयंकर खाजते आणि फुप्फुसाला वाईट. मास्क, हातमोजे आणि पाणी मारून घासणे, यात सूट नाही. गटारात आणि भट्टीवर आपल्या माणसांनी विनामास्क पिढ्या घालवल्या. पोरांना शिकवताना तरी ती सवय मोडलीच पाहिजे.

खरी गोम पुढे आहे. कार्बन फायबरमधून वीज वाहते. लाकडावर बॅटरी ठेवणे आणि कार्बनवर ठेवणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. निकेलची पट्टी घासून दोन ठिकाणी कार्बनला टेकली की शॉर्ट सर्किट. म्हणजे बॅटरी वाचवायला जो थर चढवला, तोच तिला जाळू शकतो. इलाज सोपा आहे, पण तो करावा लागतो. बॅटरीच्या बाजूला कार्बनवर ग्लास फायबरचा एक थर द्यायचा, त्यातून वीज जात नाही. त्यावर रबराची गादी, आणि सेलच्या टोकांवर बार्ली पेपर. स्क्रूची भोके सुद्धा इपॉक्सीने भरून पुन्हा पाडायची, म्हणजे कार्बनची कड उघडी राहत नाही.

बॅटरी 30 सेलची, 18650 प्रकारची. तीन-तीन सेल समांतर, असे दहा गट ओळीने. नाममात्र 36 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 42. क्षमता 270 वॅट-तास, म्हणजे साधारण चौदा मोबाईलची शक्ती एका डब्यात. शॉर्ट झाल्यास यातून शेकडो अँपिअर वाहतात. एका दुकानदाराने आम्हाला 9900 एमएएच छापलेले सेल स्वस्तात देऊ केले. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता 3500 च्या आसपास संपते, म्हणून पोरांनी दोनच विकत घेतले आणि मोजले. एक 900 भरला, दुसरा त्याहून कमी. दुकानदार हसत म्हणाला, "तुम्हाला काय, खेळण्याला चालेल." त्या एका वाक्यात सगळे आले. आपल्या पोरांच्या हातात जे पडते ते कायम खेळणेच समजले जाते.

मार्च 2022 मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये रात्री चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक दुचाकी पेटली आणि धुराने गुदमरून बाप-लेक दोघेही गेले. ती तर दुकानातली गाडी होती. आपली घरे दहा बाय बाराची, दार एकच, आणि दाराशीच प्लग. रात्री सहा माणसे झोपलेली असताना दारापाशी बॅटरी चार्ज करायची? म्हणून आमच्याकडे एकच नियम ताठर आहे. बॅटरी घरी जात नाही. अभ्यासिकेच्या व्हरांड्यात, फरशीवर, दिवसा, कुणीतरी समोर बसलेले असताना चार्ज होते. प्रत्येक गटाचा व्होल्टेज आधी आणि नंतर वहीत लिहिला जातो. बीएमएस नावाचे संरक्षक सर्किट आहे, फ्यूज आहे, तरी वही आहे. एका गटाचा व्होल्टेज इतरांपेक्षा घसरू लागला की बोर्ड बंद. दोन पोरांना हा नियम जाचक वाटला, ते रागावून गेले, आठवड्याने परत आले.

मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरबद्दल सांगितलेच पाहिजे. स्वीडनच्या बेंजामिन वेडर या अभियंत्याने व्हेस्क नावाचा कंट्रोलर तयार केला आणि त्याचे आराखडे व प्रोग्राम सर्वांसाठी खुले ठेवले. जगभरच्या घरगुती बोर्डांमध्ये तो किंवा त्याची भावंडे सापडतात. आमच्या नववीतल्या पोरीने मोबाईलवरून त्याच्या सेटिंग उघडल्या आणि बॅटरीकडून येणारा प्रवाह मर्यादित केला. वेगही ताशी 18 किलोमीटरवर बांधला. हे ज्ञान कुणी कुलपात ठेवले असते, तर ती पोरगी ते कुठे शिकली असती?

तिनेच एक प्रश्न काढला, ज्याचे उत्तर मलाही शोधावे लागले. हा बोर्ड ब्रेक लावताना मोटरमधून वीज परत बॅटरीत ढकलतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना उतारावर ब्रेक लावला तर ती वीज जाणार कुठे? बीएमएसने मध्येच रस्ता तोडला तर ब्रेकच जातो. म्हणून आता 42 ऐवजी 41 व्होल्टवर चार्जिंग थांबते आणि टेकडीवरून निघण्याआधी सपाटीवर एक चक्कर मारली जाते.

दुसऱ्या बोर्डाचे काम सुरू आहे. यावेळी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घ्यायचे ठरले आहे. वजन वाढेल, पण ते तापायला आणि पेटायला कमी धजतात. फळी किती वाकेल याचा हिशेब पोरांनी यावेळी प्लाय कापण्याआधीच मांडला आहे.