एक गाडी अलीकडची

माणसाने तेहतीस वर्षे बदलापूरहून फोर्टात नोकरी केली, की त्याला दोन गोष्टींचा फाजील अभिमान वाटू लागतो. एक, आपल्याला उभ्या उभ्या झोपता येते. आणि दुसरी, वेळापत्रकाच्या बाबतीत आपल्याला कोणी काही शिकवू शकत नाही. पहिला अभिमान माझा अजून शाबूत आहे. दुसरा मात्र आमच्या हिने खरवईच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, भाजी निवडता निवडता उतरवला.

युरोप दाखवण्याचे वचन मी तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिले होते. वाचनालयातून तिने पु. ल. देशपांड्यांचे 'अपूर्वाई' आणले होते, आणि ते वाचून झाल्यावर मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "जाऊ आपणही!" पुढे घराचे हप्ते आले, मुलीचे शिक्षण आले, आईचे दुखणे आले. वचनाची आठवण हिने कधी करून दिली नाही. नवऱ्याला ओशाळे करण्याचा याहून खात्रीचा मार्ग दुसरा नसेल! निवृत्त झालो, फंडाचे पैसे हातात पडले, आणि मी जाहीर केले, "येत्या मे महिन्यात निघायचे."

मुलगी पुण्याहून म्हणाली, "बाबा, सरळ टूर कंपनीबरोबर जा. जेवणसुद्धा आपले मिळते." पण मी ऐकतो कसला! ज्याने हयातभर कल्याणला कर्जतची गाडी कोणती आणि कसाऱ्याची कोणती हे झोपेतही ओळखले, त्याला युरोपातल्या गाड्यांची काय मातब्बरी?

मग महिनाभर मी फूटपट्टी आणि तांबडी-निळी पेन्सिल घेऊन बसलो. चौदा दिवसांत सात शहरे बसवली. लंडन, पॅरिस, ॲम्स्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम. आणि शेवटी पुन्हा लंडन, कारण परतीचे विमान तिथूनच घेतले होते. कागद हिच्यासमोर ठेवला आणि शाबासकीची वाट पाहू लागलो.

तिने चष्मा लावला. बराच वेळ वाचले. मग मेथीची काडी मोडीत विचारले, "यात आपण बसणार कधी?"

"म्हणजे? विमानात, गाडीत बसूनच तर जायचे आहे!"

"तसे नव्हे हो. कुठे तरी बाकावर. सात वेळा बोचकी बांधायची नि सात वेळा सोडायची. आणि रोमला पोचल्यावर पुन्हा लंडनला कशाला जायचे? तिथे काही विसरणार आहोत का?"

या शेवटच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की विमानाचे तिकीट असेही काढता येते, की उतरायचे एका शहरात आणि परत निघायचे दुसऱ्याच शहरातून. दोन सुटी तिकिटे काढण्याऐवजी जाणे-येणे एकाच तिकिटावर घ्यावे. ते बहुधा स्वस्त पडते. शिवाय वाटेत विमान बदलायचे असेल आणि पहिल्याला उशीर झाला, तर एकाच तिकिटावर पुढची सोय विमान कंपनी करते. निरनिराळी तिकिटे असली, तर दुसऱ्या कंपनीला तुमचे सोयरसुतक नसते. लंडनसाठी व्हिसाही वेगळा लागतो, तेव्हा लंडन गळाले. मग प्राग गेले, व्हिएन्ना गेले, ॲम्स्टरडॅमही गेले. प्रत्येक शहर खोडताना मला दात उपटल्यासारखे होत होते.

ठरली चार गावे: पॅरिस चार रात्री, स्वित्झर्लंडातले ल्युसर्न चार, व्हेनिस दोन आणि रोम चार. त्यामुळे व्हिसाचे कोडेही सुटले. शेंगेन गटातल्या देशांना एकच व्हिसा चालतो; पण अर्ज करायचा तो जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे. सहा रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडे. मुक्काम सारखेच असते, तर जिथे प्रथम पाऊल टाकायचे त्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, आणि निदान ३० हजार युरोंचा विमा सोबत जोडावा लागतो.

आता मधले प्रवास. मी विमानांकडे ओढला जात होतो, कारण काही भाडी आपल्या रिक्षाच्या भाड्याशी स्पर्धा करणारी दिसत होती. हिने विचारले, "विमानतळ गावापासून किती लांब?" पाहिले तो पॅरिसच्या नावावर खपणारा बोव्हेचा विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८० किलोमीटर! छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून आमचे बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे, आणि बदलापूरला मुंबई म्हणण्याचे धाडस फक्त घरे विकणारे करतात. त्यात सामानाचे पैसे वेगळे आणि दोन तास आधी जाणे आलेच. आगगाडी गावाच्या मध्यातून सुटते आणि गावाच्या मध्यात पोचवते. आगगाडी ठरली.

इथे मात्र माझ्या पासधारक मनाला पहिला धक्का बसला. आपल्या लोकलच्या पासावर ही गाडी गेली तर पुढची. फ्रान्सच्या नि इटलीच्या वेगवान गाड्यांचे तसे नाही. तीन-चार महिने आधी घेतले तर तिकीट स्वस्त, पण बहुधा त्याच गाडीपुरते. गाडी गेली की तिकीटही गेले. युरोपभर चालणारा पास मिळतो. पण या गाड्यांना त्यावरही जागा वेगळी राखावी लागते. आपल्या स्वभावाशी जमते ते स्वित्झर्लंडचे. तिथे १९८२ सालापासून गाड्या दर तासाला ठरलेल्या मिनिटाला सुटतात, आणि बहुतेक गाड्यांत आरक्षणाशिवाय बसता येते. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून बाझेल, आणि तिथे गाडी बदलून तासाभरात ल्युसर्न.

व्हेनिसचे हॉटेल मी आधीच हेरले होते. स्वस्त, स्टेशनजवळ. हिने नकाशावर बोट ठेवले. "हे मेस्त्रे आहे. पाणी कुठे आहे इथे?" खरेच की! मेस्त्रे हे खाडीअलीकडचे, जमिनीवरचे स्टेशन. पाण्यातल्या व्हेनिसचे स्टेशन सांता लुचिया, गाडीने आणखी दहा मिनिटे पुढे. कुर्ला आणि कुर्ला टर्मिनस यांचा घोळ झालेले पाहुणे मी आयुष्यभर हसण्यावारी नेले होते!

पण खरा खटका उडाला मिलानवरून. ल्युसर्नहून व्हेनिसला जाताना मिलानला गाडी बदलावी लागते. मी वीस मिनिटांचे अंतर ठेवले होते. "वीस मिनिटांत मी दादरला तीन पूल चढलो असतो," मी म्हणालो.

हिने निवडलेली भाजी बाजूला सारली.

"तुम्ही चढला असता. माझा गुडघा? आणि तुम्ही पुढे धावलात, दार लागले, मी खाली राहिले, तर? मला तिथली भाषा येत नाही. तिकिटे तुमच्या खिशात."

मी हसण्यावारी न्यायला गेलो. ती शांतपणे म्हणाली, "२६ जुलै २००५ आठवते का? तुम्ही तिसऱ्या दिवशी घरी आलात. फोन बंद, गाड्या बंद. पोरगी विचारत होती आणि मी खिडकीत उभी. गाडी चुकली तर काय होते, ते गाडीतल्या माणसाला कळत नाही हो."

मी कल्याणहून रुळांवरून चालत आलो होतो. ती हकीकत मी आजवर शंभरदा तरी सांगितली असेल. माझ्या पायांची, माझ्या छत्रीची. त्या खिडकीची हकीकत मी कधी विचारलीच नव्हती.

रात्री मी पुन्हा कागद घेऊन बसलो. एक जुना नियम आठवला. महत्त्वाचे काम असले, की बदलापूरचा माणूस हमखास एक गाडी अलीकडची पकडतो. हा नियम मी साहेबासाठी तेहतीस वर्षे पाळला होता. घरच्या माणसासाठी पाळायला काय हरकत होती? ल्युसर्नहून एक गाडी अलीकडची घेतली. मिलानला आता पावणेदोन तास आहेत. तिकिटांची एक प्रत माझ्या खिशात, एक तिच्या पर्समध्ये. हॉटेलांचे पत्ते दोघांपाशी. आणि एक कलम तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले: जो गाडीत राहील त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचे, जो फलाटावर राहील त्याने मागच्या गाडीने तिथे यायचे. शोधायला कोणी फिरायचे नाही.

तिकिटे निघाली आहेत. शेजारीपाजारी विचारतात, "चारच गावे?" पूर्वी मी ओशाळलो असतो.

परवा तो कागद तिने स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी टांगला. ल्युसर्नच्या तिसऱ्या दिवसाचा रकाना कोरा आहे. माझा हात दोनदा पेन्सिलीकडे गेला. जवळच एक डोंगर आहे, वर जायला दातेरी रुळांची आगगाडी आहे. पण तिने तिथे आधीच बारीक अक्षरात लिहून ठेवले आहे: "तळ्याकाठी बाक. दोघांनी."