कुदळ घेताना

कुदळ, फावडे आणि सब्बल यांवर लेख कसला लिहायचा, असे काही वाचक बंधू-भगिनींना वाटेल. ही अवजारे आपल्या बहुतेकांच्या घरात दाराआड उभी असतात. काम असेल तेव्हा हाती येतात, काम संपले की पुन्हा कोपऱ्यात जातात. पण ज्या घराची चूल खणण्याच्या मजुरीवर पेटली, त्या घराला चांगल्या कुदळीची किंमत ठाऊक असते. आमचे घर तसे होते, म्हणून हे चार शब्द.

आपल्या वाशिम जिल्ह्यातली एक गोष्ट साऱ्या देशाने ऐकली आहे. २०१६ चा उन्हाळा होता. मालेगाव तालुक्यातील कळंबेश्वर गावचे बापुराव ताजणे हे मजुरी करणारे गृहस्थ. त्यांच्या पत्नीला एका विहिरीवर पाणी नाकारले गेले. ताजणे भांडायला गेले नाहीत. विहीरमालकाचे नावही त्यांनी पुढे कोणाला सांगितले नाही. ते मालेगावला गेले, अवजारे विकत आणली आणि तासाभरात खणायला लागले. मजुरीला जाण्याआधी चार तास आणि मजुरीवरून आल्यावर दोन तास, असे चाळीस दिवस चालले. शेजारच्या विहिरी आणि बोअर कोरडे असल्यामुळे लोक त्यांना वेडा म्हणत. घरच्यांनाही पटत नव्हते. शेवटी पाणी लागले, आणि ते साऱ्या वस्तीच्या कामी आले. वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा विहीर पंधरा फूट खोल आणि सहा फूट रुंद झाली होती.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी आमच्या जिल्ह्यात पाण्यासाठी एका माणसाला स्वतःची विहीर खणावी लागली. याचा आनंद मानावा की लाज, हे ज्याने त्याने ठरवावे. माझे लक्ष मात्र त्या बातमीतल्या एका वाक्यावर अडले. तो माणूस आधी बाजारात गेला आणि अवजारे घेऊन आला. रागाने मूठ वळते, पण मुठीने विहीर खणत नाही.

माझ्या मुलाने कागदावर हिशेब मांडला. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. सहा फूट रुंदीची गोल विहीर पंधरा फूट खाली नेली तर चार ब्रासांहून जास्त माती-मुरूम निघतो. त्याचे वजन वीस टनांच्या आसपास भरते. एवढे सगळे एका माणसाच्या हातून वर आले. अशा कामात कुदळीचा दांडा हलता असेल किंवा पाते मऊ असेल, तर चाळीस दिवसांचे साठ होतात आणि तळहाताची साल निघते ती वेगळीच.

हे मला माझ्या आईमुळे कळते. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. वडील त्याआधीच वारले होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, पुढे रोजगार हमीच्या कामावर नाला बांधावर आणि पाझर तलावावर गेली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात बाईला आणि पुरुषाला दर एकच. कागदावर ही फार मोठी गोष्ट होती. पण मजुरी मिळायची खोदकामाच्या मापावर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल खणले की ब्रास भरायचा. खोली मोजता यावी म्हणून मध्ये मातीचा खांब उभा ठेवायचा. पुरुष खणायचे आणि बाया घमेली वाहायच्या. ज्या बाईच्या घरात खणणारा पुरुष नाही तिने दुसऱ्याच्या टोळीत घमेले धरायचे आणि टोळीवाला देईल तो हिस्सा घ्यायचा.

आईला खणता येत नव्हते असे नाही. तिथल्या कुदळी पुरुषांच्या मापाच्या होत्या. लांब दांड्याची, जड पात्याची कुदळ दोन तास चालवली की तिचे खांदे उतरायचे. एकदा गावाबाहेर घिसाड्यांची पाले पडली. तिथे नवरा ऐरणीवर लोखंड धरतो आणि बायको घण मारते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. आई त्या घण मारणाऱ्या बाईजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "बाई, माह्या हाताची कुदय करून दे." त्या बाईने आईचा हात धरून पाहिला आणि तिला उभे करून दांड्याचे माप घेतले. दीड किलोच्या आतबाहेर वजनाची, अरुंद पात्याची कुदळ तयार झाली. त्या कुदळीवर आई आणि शेजारची एक मावशी अशा दोघींनी आपली जोडी केली. स्वतःची खंती, स्वतःचे माप आणि हजेरीपत्रकावर स्वतःचा अंगठा. माझ्या शाळेची वह्या-पुस्तके त्या कुदळीने घेतली.

तेव्हा आमच्याच वस्तीतले काही शिकलेले लोक तिला बोलत. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले आणि तू कुदळीला कवटाळून बसलीस, असे त्यांचे म्हणणे. आई सांगायची, "पोरगी शिकते ते या कुदयीवरच शिकते." दोन्ही बाजू खऱ्या होत्या. दुसऱ्याची कुदळ दुसऱ्याच्या हुकमावर आयुष्यभर चालवणे ही गुलामी आहे. स्वतःची कुदळ स्वतःच्या कामासाठी पारखून घेणे ही वेगळी गोष्ट आहे.

आता पारख कशी करायची ते सांगते. आईने शिकवले तसेच सांगते.

पहिले पाहायचे ते नेढे, म्हणजे दांडा बसतो ते भोक. लोखंड तापवून, ठोकून एकाच तुकड्यातून काढलेले नेढे टिकते. वरून कडे जोडून वेल्डिंग केलेले असेल तर तो सांधा बोटाने चाचपा. तिथे फुगवटा किंवा बारीक चीर दिसली तर ती कुदळ परत ठेवा, कितीही स्वस्त असो. रंगाचा जाड थर दिला असेल तर सांधा दिसत नाही, म्हणून दुकानदाराला बिनरंगाची दाखवायला सांगा.

दुसरे, पात्याचे पाणी. लोहार तापलेले टोक पाण्यात बुडवतो त्याला पाणी देणे म्हणतात. पाणी कमी पडले तर टोक दगडावर वाकते, जास्त झाले तर तुटते. पात्यावर दगडाने हलके मारून पाहा. आवाज खणखणीत आला तर बरे, भद्द आला तर आत चीर असू शकते.

तिसरे, तोल. "वजन नोको पाहू, तोल पाह्य," असे आई म्हणायची. दांडा बसवलेली कुदळ उचलून डोक्याच्या वर न्यायची आणि सावकाश खाली आणायची. एका बाजूला ओढ घेत असेल तर ती दिवसभरात मनगट दुखवणार. जड कुदळीने काम लवकर होते हा गैरसमज आहे. जी संध्याकाळी चारलाही सकाळसारखी उचलता येते, तीच लवकर काम करते.

चौथे, दांडा. आपल्याकडे बाभळीचा मिळतो, धावडा किंवा तिवस मिळाला तर उत्तम. लाकडाच्या रेषा वरपासून खालपर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. गाठ असलेला दांडा नेमका गाठीतच मोडतो. दांडा वाळलेला असावा, ओला असला तर आठ दिवसांत आकसून ढिला होतो. पाचर चांगल्या कठीण लाकडाची ठोकावी. वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळले तर दांडा हाताला सालटत नाही.

जमिनीप्रमाणे अवजार बदलते, हेही लक्षात ठेवावे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकट होते. भर पावसात ती कुदळीला असा लगदा धरते की दर चार घावांनी पाते खरवडावे लागते. वाफसा आल्यावर खणावे. मुरमाला रुंद कुदळ चालत नाही, तिथे टोकदार टिकास लागते. मुरमाखालचा कच्चा कातळ सब्बलीने उचकटायचा. सब्बल भरीव लोखंडाची, छातीच्या वर येईल एवढी घ्यावी. नळीची पोकळ सब्बल कातळात वाकते.

हा आपला काळा दगड साधा नाही. अजिंठ्याची लेणी याच दगडात कोरली. तिथले सोळाव्या क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने भिक्षुसंघाला अर्पण केले, असे तिथल्या शिलालेखात आहे. हरिषेण ज्या शाखेचा होता तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम. शिलालेखात मंत्र्याचे नाव राहिले. पण ज्यांच्या छिन्न्या रोज बोथट झाल्या आणि ज्या लोहारांनी त्या रोज पाजवून दिल्या, त्यांच्या हाताशिवाय ते लेणे झाले नसते.

खणणे म्हटले की गुप्तधनाचा विषय निघतोच. काही वर्षांपूर्वी आमच्या गावी धातू शोधायचे मशीन घेऊन दोघे आले. जुन्या गढीजवळ रात्री खणायला त्यांना माणसे हवी होती. आईची कुदळ मागायला एक जण दारात आला. आईने कुदळ दिली नाही. म्हणाली, "दिवसा खणता येत नाही ते काम चांगलं नसते." ती बरोबर होती. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि ते मशीन बैलाच्या नालेलाही वाजते, मोडक्या फाळालाही वाजते. जमिनीतून निघणारे खरे धन पाणी आणि पीक, त्याला मशीन लागत नाही.

माझा मुलगा आयटीआय करून वायरमन झाला. शिकला, तरी खणणे सुटले नाही. अर्थिंगचा खड्डा आणि केबलची चारी खणावीच लागते. मागे एका ठेकेदाराने दिलेल्या कुदळीचे पाते घाव घालतानाच निसटले आणि सोबतच्या मजुराच्या कानाजवळून गेले. नेढ्याचा सांधा उघडला होता. ठेकेदार म्हणाला, "जपून वापरा." मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी तिथेच काम थांबवले. नीट अवजारे आल्यावरच चारी खणू, असे सर्वांनी मिळून सांगितले. दुसऱ्या दिवशी नवीन कुदळी आल्या. माझ्या मते त्याने शाळेत शिकलेल्या धड्यांपैकी हा एक होता. मजूर आपले श्रम विकतो, आपला कान आणि डोळा विकत नाही.

विहीर किंवा खोल खड्डा खणणाऱ्यांना आणखी एक सांगणे आहे. एकट्याने खोल उतरू नका, वर एक माणूस असू द्या. काढलेली माती काठावर रचू नका, ती कडा घेऊन खाली येते. जुन्या बंद विहिरीत हवा कोंडलेली असते आणि आत इंजिन चालवले तर धुराने माणूस दगावतो. कोणी आत बेशुद्ध पडला तर मागोमाग उडी घेऊ नका. अशाने एकामागून एक माणसे गेली आहेत.

आई आता नाही. तिची कुदळ मुलाकडे आहे. पाते झिजून चार बोटे कमी झाले होते, त्याला लोहाराकडून नवे टोक लावून घेतले. त्याच्या हाताला ती हलकी पडते, म्हणून सुनेने ती परसातल्या भाजीसाठी घेतली. तिच्या उंचीला ती बरोबर बसते.

तेव्हा कुदळ घ्यायला जाल तेव्हा घाई करू नका, चार दुकाने हिंडा, लोहाराशी बोला. आणि ज्याला ती चालवायची आहे त्याला सोबत न्या. घरातली बाई चालवणार असेल तर तिलाच न्या, तिच्या हातात देऊन पाहा, आणि ती सांगेल तीच घ्या.