लागते की वाजते

गेल्या आठवड्यात एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. जुलैमध्ये ते दोघं मुलाकडे अमेरिकेला चाललेत आणि मुलानं लास व्हेगासचे तीन दिवस ठरवून टाकलेत. "तुम्ही जाऊन आलात ना, सांगा, कपडे काय न्यायचे? तिथे म्हणे मरणाचं ऊन असतं." मी म्हटलं, सुती कपडे न्याच, पण बॅगेत स्वेटर आधी ठेवा. ते हसले. मीही असाच हसलो होतो, म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही ग्वाल्हेरचे. ऊन काय असतं ते आम्हाला कोणी शिकवायला नको. मे महिन्यात ४५-४६ डिग्री, लू सुटली की खिशात कांदा, घरात कैरीचं पन्हं आणि भर दुपारी बाड्यावर चिटपाखरू नाही. डिसेंबर-जानेवारीत तेच गाव हाडं गोठवतं. तेव्हा आम्हाला थंडी 'लागते'. पुण्याचे व्याही दर वेळी दुरुस्ती करतात, "लागत नाही हो, वाजते." तीन-चार पिढ्या हिंदीच्या शेजारात काढल्या, आमची थंडी लागायची ती लागतेच.

तर २०१६ चा जुलै. लेक लॉस एंजेलिसजवळ राहते. तिथून गाडीनं लास व्हेगास चार-पाच तास, आणि बराचसा रस्ता मोजावेच्या वाळवंटातून. वाटेत बेकर नावाचं एवढंसं गाव लागतं, तिथे १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा केलाय. जवळच्या डेथ व्हॅलीत १९१३ मध्ये १३४ फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं, त्याची ती आठवण. आम्ही गेलो त्या दिवशी त्यावर ११२ आकडा होता. मी मनातल्या मनात हिशेब केला, ४४ च्या थोडं वर. म्हटलं, अगं, हे तर आपलंच घर!

सौ.नं तेवढ्यात पिशवीतून शाल काढून मांडीवर घेतली होती. ग्वाल्हेरच्या मेळ्यात काश्मिरी दुकानदाराकडून घेतलेली, बदामी रंगाची. (माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला तो मेळा, आमची निम्मी थंडी तिथेच खरेदी होते.) शेजारणीनं तिला सांगितलं होतं की कसिनोत फार गार असतं. मी म्हणालो, "४४ डिग्रीत शाल? लोक हसतील. गाडीतच राहू दे." तिनं काही न बोलता घडी घालून मागच्या सीटवर ठेवली.

साडी चालायला अवघड म्हणून लेकीनं तिला अर्ध्या बाह्यांचा पंजाबी ड्रेस घालायला लावला होता. माझ्या अंगात अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आणि पायात सँडल. गाडी पार्किंगच्या कुठल्याशा मजल्यावर लावली आणि तिथून स्ट्रिपवर चालत निघालो. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, दिसायच्या आत वाळतो. फक्त पाठीवर, जिथे पिशवी टेकलेली, तिथे शर्ट ओला राहतो. हा ओला भाग लक्षात ठेवा.

एका मोठ्या हॉटेलाचं दार ढकललं आणि आत गेलो. पहिली पाच मिनिटं स्वर्ग! दहाव्या मिनिटाला त्या ओल्या पाठीवर कोणी बर्फाची लादी टेकवावी तसं झालं. जावई म्हणाले, आत ६८-७० फॅरनहाइट असेल. म्हणजे २०-२१ सेल्सिअस. जानेवारीत ग्वाल्हेरला दुपारी एवढं तापमान असलं तर आम्ही स्वेटर काढून गच्चीवर बसतो. पण तिथे डोक्यावर ऊन असतं. इथे एका दाराच्या अंतरात चोवीस डिग्री उतरल्या, डोक्यावरच्या जाळीतून वारा सरळ मानेवर, आणि आमचं वय. उतारवयात शरीर ऊब पहिल्यासारखी धरून ठेवत नाही. त्यात मी ब्लडप्रेशरची जी गोळी घेतो, तिनं हातपाय गार पडतात, हे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलेलं.

एवढं गार का ठेवतात? हजारो माणसं, शेकडो मशीन, त्यांची उष्णता, शिवाय आत सिगारेट ओढायला परवानगी, तेव्हा धूर ओढून काढायला हवा सतत फिरती ठेवावी लागते. लोक जागे राहावेत म्हणून आत ऑक्सिजन सोडतात अशी एक गप्प ऐकू येते, ती खोटी आहे. जिथे दर दहा पावलांवर सिगारेट पेटलेली, तिथे कोण ऑक्सिजन सोडेल?

एकवीस वर्षांखालच्यांना तिथे थांबू देत नाहीत, नुसतं पार होऊन जायचं. नातू नऊ वर्षांचा, त्यामुळे लेक-जावई त्याला घेऊन पुढे कारंजी बघायला गेले. सौ.चे गुडघे बोलायला लागले होते, आम्ही म्हटलं बसतो. पण बसणार कुठे? त्या अवाढव्य दालनात मशीनसमोरच्या खुर्च्या सोडून टेकायला जागा नाही. एका मशीनमध्ये मी वीस डॉलरची नोट घातली. आयुष्यात लॉटरीचं तिकीट न घेतलेला माणूस मी, ते खुर्चीचं भाडं समजलो. चौदा डॉलर गेले, सहाचा कागद परत मिळाला. डायरीत 'इतर खर्च' खाली नोंद आहे.

सौ. हात काखेत घालून बसली होती. ओठ निळसर. मी विचारलं, "लागतेय का गं?" ती म्हणाली, "आता वाजतेय. दात ऐका."

मी उठून शाल आणायला निघालो, पण गाडीची किल्ली जावयांकडे. तेवढ्यात पेयं वाटणारी एक मुलगी आली. खेळणाऱ्यांना तिथे फुकट देतात. सौ.नं गरम पाणी मागितलं. मुलीनं पेलाभर पाणी आणि लिंबाची फोड आणून दिली, मी एक डॉलर टिप ठेवली. सौ.नं पेला दोन्ही हातांत धरला आणि त्या मुलीकडे बघत राहिली. तिच्या अंगावर खांदे उघडे टाकणारा तोकडा पोशाख. सौ.नं आपल्या इंग्रजीत विचारलंच, तुला थंडी नाही? मुलगी हसली. म्हणाली, स्वेटर लॉकरमध्ये आहे, इथे घालून चालत नाही.

ती गेल्यावर सौ. म्हणाली, "आठ तास अशीच उभी राहत असेल हो."

मला एकदम आमची शाखा दिसली.

१९९२-९३ ची गोष्ट. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत लेजर पोस्टिंगची मशीन यायला लागली, तशी आमच्याकडेही आली. त्यांच्यासाठी काचेची केबिन बांधली, खिडकीचे दोन एसी लावले. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या. बाहेर हॉलमध्ये कुलर खडखडतोय, ग्राहक घामानं निथळतायत, आणि आत एक क्लार्क बाई अनवाणी, गार फरशीवर पाय टेकवून दिवसभर पोस्टिंग करतायत. मे महिन्यात त्यांनी अर्ज दिला, एक एसी बंद ठेवावा किंवा ड्यूटी आलटून-पालटून लावावी, थंडी लागते. मी मॅनेजर. सगळ्या स्टाफसमोर म्हणालो, "बाहेर लोक उन्हानं मरतायत आणि तुम्हाला थंडी?" सगळे हसले. अर्जावर शेरा मारला, 'कारण हास्यास्पद, अमान्य.' मशीन बिघडलं तर जबाबदारी माझ्यावर येईल ही भीती होती, हेही खरं. बाई दुसऱ्या दिवसापासून शाल पांघरून बसू लागल्या, आणि लोक त्यालाही हसले.

हे सगळं मी तिथे बसून सौ.ला सांगितलं. पंचवीस वर्षांत तिला हे कधी बोललो नव्हतो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आणि आज गाडीत ठेव म्हणालात ती." बस्स, एवढंच.

जावई आल्यावर शाल आली. पुढचे दोन दिवस मी बंडी, वर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बूट-मोजे आणि कमरेला बांधलेला स्वेटर अशा वेशात हिंडलो. कोणी हसलं नाही. स्नेह्यांना मी हेच सांगितलं. बंडी हवीच, घाम तीच टिपते. स्वेटर पुढून बटणांचा असावा, दारातून आत जाता जाता घालता येतो. सौ.साठी साडीच न्या, पदरासारखं पांघरूण नाही. आणि आत शिरल्यावर आधी जाळी कुठे आहे ते वर बघा, मग खुर्ची निवडा.

ग्वाल्हेरला परतल्यावर त्या बाईंचा नंबर मिळवला. त्या आता इंदूरला मुलाकडे असतात. दोन दिवस फोन हातात घेऊन परत ठेवला, तिसऱ्या दिवशी सौ.नंच लावून दिला. मी कसिनोचं सांगितलं, मग केबिनचं. त्या म्हणाल्या, "साहेब, थंडी आता तेवढी आठवत नाही. 'कारण हास्यास्पद, अमान्य.' खाली तुमची सही आणि तारीख." शब्द जसेच्या तसे. मी म्हणालो, चुकलं माझं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनींना बरं आहे ना? पुढच्या वेळी जाल तेव्हा त्यांना मोजे घालायला सांगा. पायांतूनच शिरते ती."