वडीलबंधूंची चिप

कै. वडीलबंधूंनीं खामगांवच्या आमच्या सरकीच्या दुकानाचा हिशेब करणारी आज्ञावली जुन्या संगणकाच्या ‘२७१६’ चिपेंत सांठविली. दुसरी प्रत नाहीं. ती नव्या चिपेंत उतरविण्यास प्रोग्रॅमर कोणता घ्यावा, यावर माजघरांत बराच खल झाला. पुतण्यांचा ओढा अर्थातच स्वस्ताईकडे! इंटेलनें १९७७ मध्यें काढलेली ही जात वाचावयास ५ व्होल्ट पुरतात, लिहावयास मात्र २५ लागतात. त्यांचा ‘टीएल८६६ टू प्लस’ १८ पर्यंतच जातो. ‘टी४८’ २५ देतो. तोच मागविला. चिपेच्या कांचेवरील चिकटपट्टी कोणीं काढावयाची नाहीं, असें बजावलें आहे. अतिनील किरणांनीं आंतलें सारें पुसलें जातें. आधीं दोनदां वाचन, दोन्ही जुळल्यासच लेखन; आणि तें वहिनींच्या समक्ष.