सेकंदाचे 240 तुकडे

पॅरा गोळाफेक म्हटलं की डोळ्यांसमोर यायचा तो आटपाडीचा सचिन खिलारी, 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर फेकून रौप्य मिळवणारा. पण तो एफ-46 गटातला, उभ्याने फेकणारा. माझा डावा पाय मांडीतून काढलेला, त्यामुळे मला बसून फेकायचं. जमिनीशी जखडलेली लोखंडी फ्रेम, उशीसकट 75 सेंटिमीटरच्या आत. मांड्यांवर पट्टे, डाव्या हाताशी उभा दांडा, उजव्या हातात 3 किलोचा गोळा. बाजूला स्टँडवर माझ्या प्रशिक्षक सरांचा मोबाइल, सेकंदाला 240 चित्रं टिपणारा.

तो व्हिडिओ लॅपटॉपवर पाहिला तर माझ्या खांद्या-कोपरावर ठिपके, मध्ये रेघा, शेजारी आकडे. गोळा सुटतानाचा कोन 32 अंश, वेग सेकंदाला 6 मीटर. सर्वांत लांब फेकीचा कोन म्हणून शाळेत 45 अंश शिकलेले, त्यामुळे मी कोनालाच धरून बसले. सर म्हणाले, "अगं, तुझा गोळा जमिनीवरून सुटतो का? दीड मीटरवरून सुटतो. कोन 36 केलास तरी पाच सेंटिमीटरही वाढणार नाहीत. वेग अर्ध्या मीटरने वाढव, साठ मिळतील." पटेना. घरी कागदावर मांडून पाहिलं, तेच आलं!

वेग आणायचा कुठून? हातातून, असं मी धरून चाललेले. व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवला, तर छाती वळायच्या आधीच कोपर पुढे निघालेलं आणि डावा हात दांड्यावर नुसता टेकलेला. खरं तर आधी दांडा ओढायचा, मग धड, खांदा, कोपर, शेवटी बोटं. त्या नादात बूड सीटवरून उचललं गेलं की फेक बाद!

हे सगळं डोक्यात ठेवून फेकायला गेले, तर गोळा नेहमीपेक्षा अलीकडेच पडला. तेव्हापासून सर दर फेकीला व्हिडिओ दाखवत नाहीत. चार-पाच फेकी झाल्या की आधी विचारतात, "काय झालं, सांग." मग पडदा. मला जोरदार वाटलेली फेक तिथे हमखास ढिली निघते. सूचना मात्र एकच: "दांडा उपट." उपटायला गेलं की छाती आपसूक वळते. कशी, ते मला अजून उमगलेलं नाही.

स्पर्धेत बसून फेकणाऱ्याला आपल्या फेकी लागोपाठ टाकाव्या लागतात. तिथे पडदा पाहायला सवड कुठली? म्हणून सध्या सरांना माझ्या मीटरांपेक्षा माझ्या उत्तराची जास्त काळजी आहे.